बार्बोराचा पट्टा

पानेवेझीस, २ नोव्हेंबर १९८८

प्रिय झिग्मास,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलं आहे. आधीच्या तिन्ही वेळा पहिल्या ओळीत तुझ्या तब्येतीची चौकशी केली आणि तिथंच अडखळले. चौदा वर्षं ज्याला चार ओळी लिहिल्या नाहीत, त्याला एकदम गुडघे कसे आहेत म्हणून विचारायचं, हे मला जमेना. म्हणून सरळ मुद्द्यावर येते. आईला घरी आणायचं आहे.

आज मृतांचा दिवस. इतकी वर्षं या दिवशी आम्हा शिक्षकांना दफनभूमीच्या फाटकाशी उभं करत, मेणबत्त्या घेऊन कोणकोणती मुलं येतात ते टिपून घ्यायला. मीही उभी राहिले आहे. ओळखीची मुलं दिसली की मी चष्मा काढून पुसायला लागायची आणि त्यालाच धैर्य समजायची. यंदा फाटकाशी कोणी नव्हतं. मी स्वतः मेणबत्ती घेऊन गेले, आणि आत गेल्यावर लक्षात आलं की ती लावायला आपल्याला थडगंच नाही. बाबांना जंगलात मारून कुठं टाकलं ते कुणालाच माहीत नाही. आई तिकडे सायबेरियात. शेवटी कुणा अनोळखी माणसाच्या थडग्यावर ती लावून परत आले.

फाटकाबाहेर इग्नास म्हणून एक म्हातारे गृहस्थ वही घेऊन उभे होते. या वेळी वही वेगळ्याच कामासाठी होती. पुढच्या उन्हाळ्यात आपल्या गावातली काही माणसं सायबेरियात जाऊन आपापल्या लोकांच्या अस्थी उकरून आणणार आहेत, त्यांची नावं ते लिहून घेत होते. मी रांगेत उभी राहिले.

"बाई, तुम्ही?" ते म्हणाले. "तुमचं कोण होतं तिकडं?"

"आई."

"अहो, मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते!"

"कुणी विचारलंच नाही," मी म्हटलं.

हे खरं नाही. विचारलं होतं. विद्यापीठात प्रवेश घेताना आणि नोकरीला लागताना आत्मवृत्त लिहून द्यावं लागे. दोन्ही वेळा मी लिहिलं की आईवडील युद्धात वारले.

मला काय आठवतं ते आता मांडते. चुकेल तिथं दुरुस्त कर. आपल्याला लिथुआनियातून सायबेरियात नेलं तेव्हा तू बारा वर्षांचा होतास आणि मी पाच, तेव्हा खरा साक्षीदार तू. मे अठ्ठेचाळीस, सकाळ. शिपाई दारात उभे असताना आईनं आधी माळ्यावरचं खारवलेलं मांस काढलं आणि मग पेटीतून तिचा विणलेला पट्टा काढून पोलक्याच्या आतून कमरेला गुंडाळला. लाल आणि हिरवा, कडेला पांढरी रेघ. एका ठिकाणी नक्षी उलटी झाली होती, कारण दोन वर्षांचा असताना तू मागावरचा धागा ओढलास. आईनं ते कधी उसवून नीट केलं नाही. तिथं बोट ठेवून म्हणायची, "हे झिग्मासचं."

मग ती लाकूडतोडीची वस्ती. एक्कावन्नच्या फेब्रुवारीत आई गेली. मीही तापात होते, तरी तिला फळीवर ठेवलेलं मला दिसलं होतं आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पट्टा तिच्या हातांभोवती गुंडाळलेला होता. पेटीला खिळे तू मारलेस. थडगं चढावर, दुसऱ्या ओळीत. आणि एवढंच पक्कं आठवतं की त्या दिवसांत वस्तीतल्या कोत्रिना मावशीनं आपल्याला बटाटे दिले. ती एकटी बाई, जवळ काही नव्हतं, तरी दिले. त्यांवर मी जगले. असं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

त्या दफनभूमीत आता कोणतं थडगं कुणाचं, हे सांगू शकणारा जिवंत माणूस तूच आहेस. तू तिकडेच राहिलास, तेव्हा उलान-उदेहून एक दिवस तिथं येऊन जागा दाखवशील का? १९७४ मध्ये आपली जी चुकामूक झाली ती आईच्या आड येऊ नये, एवढीच विनंती.

लुत्सिया

पानेवेझीस, २० जानेवारी १९८९

प्रिय झिग्मास,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं की नाही, ठाऊक नाही. "आईला आहे तिथंच राहू दे. उकरू नका." बस. मी कागद उलटून पाहिला, पाकीट झटकून पाहिलं.

आठवडाभर मी तुझ्यावर चिडून होते. मग माझंच पत्र मनातल्या मनात पुन्हा वाचलं आणि 'चुकामूक' या शब्दाशी थांबले. इतिहास शिकवणारी बाई मी. दुसऱ्यांच्या लेखनातला असा शब्द मी लाल पेन्सिलीनं खोडला असता. चुकामूक झाली नव्हती. तू ठरल्या वेळी आणि ठरल्या जागी आला होतास.

तू आणि तुझी बायको दारिमा शाळेत आलात. तिच्या डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, तुझ्या खांद्यावर देवदाराच्या दाण्यांची पिशवी. शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापक होते. त्यांनी विचारलं, "ही मंडळी कोण?" आणि मी म्हटलं, "आमचे जुने शेजारी." त्यांना सांगितलं असतं की हा माझा सख्खा भाऊ सायबेरियातून आलाय, तर तो तिथं कसा गेला हेही सांगावं लागलं असतं. मला वाटलं तू काहीतरी बोलशील. तू माझ्याकडे पाहिलंस, मग त्यांच्याकडे, आणि म्हणालास, "हो. शेजारी." माझं खोटं तू जणू हातभार लावून उचललंस. दाणे टेबलावर ठेवलेस आणि संध्याकाळच्या बसनं गेलात. घरी मी तुमच्यासाठी बटाट्याचा खीस भाजायला ठेवला होता. तो माझ्या नवऱ्यानं, हेन्रिकासनं, दोन दिवस खाल्ला.

हे इतकं लिहून झाल्यावर वाटतं की तुझ्या दोन ओळी मला मिळाव्या त्याच मिळाल्या. पण शिक्षा मला कर. आईला कशाला?

शाळेत या वर्षी आम्ही पुस्तकाशिवाय इतिहास शिकवतो. जुनं पुस्तक काढून घेतलं, नवं अजून कुणी लिहिलं नाही. १९४० साली लिथुआनियन लोक आनंदानं सोव्हिएत संघात सामील झाले, हे मी एकोणीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. गेल्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, मागच्या वर्षी तुम्ही शिकवलंत ते खोटं होतं म्हणता. मग तेव्हा तुम्हाला ते माहीत होतं का?"

तिनं ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, "वह्या काढा." तिनं वही काढली.

आईला मी आणणारच. तू ये अथवा येऊ नकोस.

लुत्सिया

पानेवेझीस, १४ मे १९८९

प्रिय झिग्मास,

तुझं उत्तर नाही, तरी कळवते. जून संपता संपता आपल्याकडची माणसं निघतील. आमच्याकडून हेन्रिकास आणि जुर्गिता जातील. जुर्गिता माझी मुलगी, आता एकोणीस वर्षांची, विल्नियसला शिकते. तू पाहिलीस तेव्हा चार वर्षांची होती आणि शाळेच्या अंगणात दारिमाच्या वेणीला लोंबकळत होती.

परीक्षा असल्यामुळे मी जाऊ शकत नाही.

वरचं वाक्य तसंच ठेवते, कारण ते मी सगळ्यांना सांगितलं आहे. परीक्षा आहेत, पण इतिहासाची नाही. पुस्तकच नाही तर परीक्षा कसली घेणार? तुझ्यापासून एका दिवसाच्या वाटेवर जायचं आणि तू यायचा नाहीस, किंवा त्याहून वाईट म्हणजे तू येशील, याची मला भीती वाटते.

घरात हे कुणाला सांगितलं नव्हतं. काल सामानाची यादी करताना जुर्गिता म्हणाली, "आई, तू मामाला भितेस का गं?"

"भ्यायचं काय त्यात?"

"मग चल की! बाबांना एकट्याला रशियन धड येत नाही. 'फावडं' मागितलं तर फावडं मिळेल याची खात्री नाही."

हेन्रिकास बूट घासत होता. मान वर न करता म्हणाला, "लग्नाला बावीस वर्षं झाली, सासूबाईंना एकदा भेटलो नाही. आता भेटायची वेळ आली तर फावडं घेऊन! काय म्हणतील त्या मला?"

आम्ही तिघंही हसलो आणि मी पटकन स्वयंपाकघरात गेले.

मला आठवते तशी जागा कागदावर काढून दिली आहे. चढ, दुसरी ओळ, जवळ तीन देवदार. पट्ट्याची खूण जुर्गिताला पाठ झाली आहे. लोकर थंड जमिनीत टिकते म्हणतात. आपल्या बायका जन्मभर विणतात आणि तेच हातात घेऊन जातात, हे सायबेरियात तरी आपल्या उपयोगी पडेल. दुसऱ्या कुणाला आपलं माणूस असं ओळखता येईल?

तू आलास तर जुर्गिताला ओळखशील. तिची हनुवटी आईसारखी आहे.

लुत्सिया

पानेवेझीस, ३० जुलै १९८९

प्रिय झिग्मास,

आई घरी आली.

सोबत फोटो पाठवते आहे. पेटीवर पट्टा ठेवलेला दिसेल. जुर्गितानं सांगितलं तसं लिहिते. क्रूस सगळे पडून कुजले होते, नाव कशावरच वाचता येत नव्हतं. तीन देवदारांपैकी दोन उरलेत. त्यांच्याजवळ दोन उंचवटे अगदी लागून होते. कोणता आपला ते कळेना, म्हणून हेन्रिकासनं उजवीकडचा आधी घेतला. वीतभर खाली जमीन जुलैतही दगडासारखी होती. दोन दिवस लागले. पेटीची फळी निघाली तेव्हा जुर्गिता आत उतरली, आणि हातांच्या हाडांभोवती तो होता. लाल जवळजवळ काळा झालेला, हिरवा मात्र तसाच. तिनं त्यावरून बोट फिरवत नेलं आणि एके ठिकाणी नक्षी उलटी लागली. "हे मामाचं!" ती खालून ओरडली. हेन्रिकास वर बसून रडला. तो माझ्या वडिलांच्या गोष्टीवर कधी रडला नव्हता. दुसरा उंचवटा उघडावाच लागला नाही.

विमानातून चौदा पेट्या आल्या. आपल्या गावच्या तीन. चर्चपासून दफनभूमीपर्यंत रस्ता भरलेला होता, पुढं लिथुआनियाचा पिवळा-हिरवा-तांबडा झेंडा. चाळीस वर्षं जो घरात सापडला तरी तुरुंग, तो माझ्या शाळेतला मुलगा खांद्यावर घेऊन चालत होता. इग्नासनी मला बोलायला सांगितलं. मी बोलले. मी म्हटलं की माझी आई बार्बोरा घरातून काही न नेता, स्वतःच्या हातचा एक पट्टा तेवढा घेऊन गेली, आणि त्या पट्ट्यानंच तिला परत आणलं. खारवलेल्या मांसाचं मी गाळलं. लोक हमसून रडले. मग कुणीतरी गाणं सुरू केलं आणि ते पुढं कितीतरी वेळ चाललं. जिल्ह्याच्या पेपरात माझं भाषण छापून आलं आहे. तेही पाठवते.

पट्टा मी पेटीतच परत ठेवला. वाटलं ठेवून घ्यावा, पण तो तिचा.

झिग्मास, तू 'उकरू नका' म्हणाला होतास. मी तुला दोष देत नाही. पण तू चुकलास, एवढं तरी म्हण.

लुत्सिया

पानेवेझीस, २७ ऑगस्ट १९८९

झिग्मास,

तुझं पत्र बुधवारी सकाळी आलं. बुधवार, तेवीस तारीख. त्या दिवशी विल्नियसपासून पार रीगा आणि तालिनपर्यंत माणसांनी हातात हात धरून उभं राहायचं ठरलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी त्याच तारखेला दोन हुकूमशहांनी आपल्याला आपसांत वाटून घेतलं होतं. आमच्या शाळेची जागा महामार्गावर, गावाच्या उत्तरेला. मी तुझं पत्र उभ्यानं वाचलं, कोटाच्या खिशात घातलं आणि गेले. घरी बसले असते तर काय केलं असतं, माहीत नाही.

मला तुझी वाक्यं पाठ झाली आहेत.

"पट्टा आईचाच आहे. बाई आई नाही."

"खिळे मारायच्या आधी मी तो तिच्या हातांतून सोडवला. कोत्रिना मावशीचा स्वतःचा पट्टा झडतीत गेला होता. ती सारखी म्हणायची, मला तसंच पुरलं तर वर माझी आई मला ओळखणार कशी? तिच्याकडं पेरायला ठेवलेले बटाटे होते, अर्धं पोतं. तिनं मागितला नाही. मी नेऊन दिला. तू तीन दिवस काही खाल्लं नव्हतंस."

"एप्रिलमध्ये तिच्यावर ओंडका पडला. तिच्या हातांना पट्टा मीच गुंडाळला. आई तिच्या डावीकडे आहे, हातभर अंतरावर. म्हणून लिहिलं होतं की उकरू नका. का, ते लिहायला हात धजला नाही."

माझ्या उजवीकडे दूध-कारखान्यातली एक बाई होती, डावीकडे हेन्रिकास. सात वाजता सगळ्यांनी हात धरले. त्या बाईचा हात खरबरीत आणि गरम होता. ती म्हणाली, "बाई, तुम्हाला पेपरात पाहिलं. भाग्यवान हो! तुमची आई तरी आली." मी मान हलवली. झिग्मास, मी मान हलवली! लाखो माणसं खरं बोलण्यासाठी रस्त्यावर उभी होती, आणि त्यांच्यात उभी राहून मी मान हलवली.

हेन्रिकासला मी घरी येऊन वाचून दाखवलं. त्यानं कागद माझ्याकडून घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाला, "म्हणजे सासूबाईंना मी अजून भेटलोच नाही." आणि थोड्या वेळानं, "हातभर. फावडं जरा डावीकडं मारलं असतं तर."

तू लिहितोस की मी तुला काय म्हणायचं ते म्हणावं. मी काय म्हणू? नोव्हेंबरात मीच तुला लिहिलं होतं की त्या बटाट्यांवर मी जगले. ते वाचून तुला काय वाटलं असेल? आणि तू दोनच ओळी लिहिल्यास. त्या मी फटकारल्यासारख्या वाचल्या, कारण मला फटके हवे होते. तू मला वाचवत होतास, आणि मी त्यात माझाच अपराध वाचला. स्वतःला दोष देण्यातही माणूस किती स्वतःतच गुंतलेला असतो.

तू चौदा वर्षांचा होतास. आईनं पाहिलं असतं तर तिनंच तो सोडून दिला असता. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तपासून पाहिलं, आणि मला ते खरं वाटतं.

लुत्सिया

पानेवेझीस, १ ऑक्टोबर १९८९

प्रिय झिग्मास,

एक परवानगी मागायची आहे. आधी काय झालं ते सांगते.

आईसाठी घेतलेल्या जागेत कोत्रिना मावशी आहे आणि वर आईचं नाव कोरायचं आहे. दगड घडवणाऱ्याला मी थांबवलं आणि इग्नासकडे गेले. ते पंचाहत्तरीला आलेत. त्यांच्या मागच्या अंगणात सफरचंदं पडून सडत होती आणि ते एकेक वेचून बादलीत टाकत होते. मी सगळं सांगितलं. ते वेचत राहिले.

"बाई, कोत्रिना कोण? आपलीच ना?"

"आपलीच. विझुओनाच्या बाजूची."

"तिचं कुणी आहे?"

"चौकशी केली. कुणी नाही. तिची वाडी पाण्याचे चर खणताना सपाट केली. आता तिथं बीट लावतात."

"मग बिघडलं कुठं? आपली बाई आपल्या मातीत आली. सगळ्या आया एकच."

"पण नाव?"

"अहो, नाव!" त्यांनी बादली खाली ठेवली. "नाव घेऊन तुम्ही काय करणार? लोकांना पुन्हा बोलावणार, सांगणार की रडलात ते चुकीच्या थडग्यावर रडलात? तिकडं मॉस्कोत बसलेल्यांना आयतं कोलीत. म्हणतील, बघा, ह्यांना स्वतःची मेलेली माणसं ओळखता येत नाहीत, आणि ह्यांना देश पाहिजे!"

याला माझ्याजवळ उत्तर होतं. जन्मभर मला कुणी ना कुणी सांगत आलं की लोकांच्या भल्यासाठी अमुक बोलू नका. पूर्वी सांगणारे दुसरे होते, आता आपले आहेत, एवढाच फरक. हे मी बोलणार होते. वाक्य चांगलं जुळलंही होतं. तेवढ्यात ते खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझी बायको तिकडंच गेली. मी दोनदा जाऊन आलो. तिथं आता तलाव आहे, बाई. धरणाचं पाणी. मी तुमच्या आईच्या पेटीला खांदा दिला तेव्हा माझ्यापुरती तीच होती. तेवढं राहू द्या की."

माझं वाक्य मी गिळलं. आम्ही दोघांनी मिळून बादली भरली. निघताना त्यांनी तीच माझ्या हातात दिली.

तेव्हापासून मी विचार करते आहे. मला खरं सांगायचं आहे ते कोत्रिनासाठी, की माझ्या जुन्या आत्मवृत्ताची फेड म्हणून? दुसरं असेल तर इग्नासच्या दुःखावर मी माझी पाटी स्वच्छ करते आहे. जुर्गिता शनिवारी आली होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "आई, तू फार गुंता करतेस. मावशीला एकच भीती होती, की कुणी ओळखणार नाही. तिनं त्यासाठी बी-बटाटे दिले. आणि आपण तिला दुसऱ्याच्या नावानं पुरलंय."

इतकं सरळ मला का सुचत नाही?

पण हे सांगायचं तर पट्टा तिच्या हातात कसा आला तेही सांगावं लागेल. मेलेल्या आईच्या हातातून तू तो काढलास, हे सगळ्या गावासमोर. एकदा मी तुला विचारल्याशिवाय तुझ्याबद्दल लोकांना काहीतरी सांगितलं होतं. या वेळी विचारते आहे. तू नको म्हणालास तर मी गप्प बसेन आणि दगडावर फक्त क्रूस कोरून घेईन. रागावणार नाही.

मृतांच्या दिवसाच्या आत कळव.

लुत्सिया

पानेवेझीस, ३ नोव्हेंबर १९८९

प्रिय झिग्मास,

पार्सल सोमवारी आलं. पोस्टातल्या बाईनं ते हलवून पाहिलं आणि विचारलं, "यात काय खडखडतंय?" मी तिथंच उघडलं. देवदाराचे दाणे, आणि वर चिठ्ठी: "सगळं सांग. बटाटे तू खाल्लेस तेही सांग. — तुमचे जुने शेजारी."

मी पोस्टाच्या खिडकीशी उभी राहून इतकी हसले की त्या बाईनं मला पाणी आणून दिलं. ते कधी रडणं झालं ते मला कळलं नाही. पंधरा वर्षं तो शब्द तू जपून ठेवलास आणि असा परत केलास.

आधी मी इग्नासकडे गेले, कारण त्यांना ते गर्दीत कळावं असं मला वाटत नव्हतं. त्यांनी दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "सांगणार तर." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मग मी येणार नाही."

काल संध्याकाळी चार वाजता, उजेड होता तोवर, आम्ही थडग्याशी गेलो. आसपासच्या थडग्यांवर आलेले लोक जमले, चाळीसेक असतील. झेंडा नव्हता, गाणं नव्हतं. दगडावरचं कापड मी काढलं. 'कोत्रिना बुद्रीते. १९०२–१९५१.' खाली तिच्या वाडीचं नाव, कारण ते आता दुसरीकडे कुठं लिहिलेलं नाही. मी सगळं क्रमानं सांगितलं. झडती, ताप, तू, पट्टा, अर्धं पोतं. ते मी खाल्ले, तेही. मग शाळेतलं १९७४ चं, जे कुणी विचारलं नव्हतं. माझा आवाज भाषणासारखा लागला नाही. मागच्या लोकांना ऐकू गेलं नसेल.

दोघंतिघं निघून गेले. एक म्हातारी म्हणाली, "काय ही माणसं! मेल्यावरही अदलाबदल." दूध-कारखान्यातली ती बाई होती. ती जवळ आली आणि तिची मेणबत्ती ठेवून गेली. आठवीतली ती मुलगीही होती, आता नववीत आहे. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "तू जानेवारीत विचारलं होतंस. हो, मला माहीत होतं." ती लाजली. म्हणाली, "बाई, मी विसरलेसुद्धा होते." मी विसरले नव्हते.

आम्ही निघालो तेव्हा इग्नास फाटकातून आत येत होते. माझ्याकडे न बघता पुढं गेले. हेन्रिकासनं माझी बाही ओढून मागं बघायला लावलं. ते कोत्रिनाच्या थडग्याशी उभे होते, टोपी हातात. त्यांनी दगडावरचं नाव वाकून वाचलं, दोनदा वाचलं असावं. मग खिशातून मेणबत्ती काढून लावली, आणि त्यानंतर दुसरी. दुसरी कुणाची, ते मला माहीत आहे.

आता आईचं. ती आहे तिथंच राहील. तू बरोबर होतास, फक्त कारण मी समजले त्याहून वेगळं होतं. तिच्याजवळ पट्टा मात्र नाही. सप्टेंबरपासून मी विणायला शिकते आहे. शिकवणारी आजी रोज माझ्या नावानं कपाळाला हात लावते. म्हणते, शेहेचाळिसाव्या वर्षी बाईला धागा ताणून धरता येऊ नये, हे शिकवलं काय तुम्हाला विद्यापीठात? लाल आणि हिरवा, कडेला पांढरी रेघ. वीतभर झाला आहे. त्यात नक्षी इतक्या ठिकाणी चुकली आहे की तुझी एक चूक मुद्दाम घालायची गरजच नाही.

मे महिन्यापर्यंत पुरा होईल. मी एकटी येईन, फावड्याशिवाय. वस्तीला आपण दोघं मिळून जाऊ, दारिमा आली तर तिघं. तू येऊ नको म्हणालास तरी येईन. एवढी एकच गोष्ट मी या वर्षी परवानगीशिवाय करणार आहे.

स्टेशनवर ये. तुझ्याबरोबर ओळखीचं कुणी असेल आणि विचारेल, की ही बाई कोण, तर तू काही बोलू नकोस. या वेळी मी सांगेन.

तुझी बहीण
लुत्सिया